चौघांचे व्हिडिओ, एकच निवेदन: शेअर बाजारातील ऑनलाइन सल्ला ऐकताना स्वतःचे मत कसे राखावे

गेल्या भाऊबीजेला जेवणे आटोपल्यावर माझ्या नाशिकच्या भाच्याने मला आतल्या खोलीत नेले आणि मोबाइलवर आपले डीमॅट खाते उघडून दाखवले. एका छोट्या कंपनीचे 2 लाख 40 हजार रुपयांचे शेअर त्याने घेतले होते आणि त्या शेअरला लागोपाठ अकरा दिवस लोअर सर्किट लागले होते, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू दिला जातो तितका तो रोज पडत होता. दिवसाला पाच टक्क्यांची मर्यादा असलेला शेअर अकरा दिवस तळाला टेकत राहिला, तर शंभरातले सुमारे सत्तावन्न उरतात. त्याचे 1 लाख 36 हजार उरले होते, आणि तेही कागदावरच, कारण तो रोज सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकत होता आणि घेणारा कोणी नव्हता. "मामा, मी डोळे झाकून नाही घेतला. चार वेगवेगळ्या लोकांचे व्हिडिओ बघितले, चौघांचं म्हणणं जुळलं, मग घेतला," असे तो म्हणाला.

आम्ही ते चारही व्हिडिओ पुन्हा लावले. चौघांच्या बोलण्यामागे कंपनीने शेअर बाजाराला दिलेले एकच पानभर निवेदन होते. तिघांनी ते आपापल्या शब्दांत सांगितले होते आणि चौथ्याने बहुधा त्या तिघांपैकी कोणाचे तरी ऐकून सांगितले होते. भाच्याने ज्याला पडताळणी म्हटले ते एकाच आवाजाचे चार प्रतिध्वनी होते. या लेखातील पायऱ्या मी त्याच्यासाठी त्या दिवाळीनंतर लिहून काढल्या. त्या शेअर बाजाराविषयी आहेत, कारण मत उसने घेतल्याची किंमत तिथे रुपयांत आणि लवकर दिसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुसऱ्याचे ऐकून मत बनवणे हा मोबाइलमुळे जडलेला आजार नाही. अमेरिकेत 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा रेडिओ आणि वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीतल्या जाणत्या माणसाचा प्रभाव अधिक पडतो, असे त्यांच्या लक्षात आले. 'ओपिनियन लीडर' ही कल्पना त्या अभ्यासातून रूढ झाली. मात्र तो जाणता माणूस त्याच गावात राहत असे, त्याचे चुकलेले अंदाज शेजाऱ्यांना आठवत असत आणि आपल्या मतावर त्याचा चरितार्थ चालत नसे. पडद्यावरच्या मार्गदर्शकाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आपल्याला मुद्दाम तपासाव्या लागतात.

पहिली पायरी: ऐकण्याआधी लिहावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात. एखाद्या कंपनीचे नाव कानावर पडले की व्हिडिओ उघडण्यापूर्वी वहीचे एक पान घ्यावे आणि त्यावर तारीख घालून पाच प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावीत. कंपनी नेमके काय विकते? ते कोण विकत घेते? गेल्या तीन वर्षांत नफा वाढला का आणि कर्ज वाढले का? आजचा भाव मला स्वस्त वाटत असेल, तर तो बाकीच्यांना महाग का वाटतो? आणि कोणती घटना घडली तर मी हा शेअर विकीन?

पहिल्या खेपेला पाचांपैकी तीन प्रश्नांपुढे 'माहीत नाही' असेच लिहावे लागेल. त्यात कमीपणा नाही, उलट ते फार उपयोगी आहे, कारण व्हिडिओ ऐकताना आपण नेमके त्या तीन उत्तरांच्या शोधात असतो आणि मार्गदर्शकाने पंधरा मिनिटे बोलूनही त्यांतल्या एकाचेही उत्तर दिले नाही हे चटकन ध्यानात येते. कोरे पान घेऊन ऐकायला बसलेल्या माणसाला मात्र जे ऐकले तेच महत्त्वाचे वाटू लागते, आणि दोन दिवसांनी ते मत मुळात आपले होते की ऐकीव, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

पाचवा प्रश्न, म्हणजे विकण्याची अट, आधी लिहिणे विशेष गरजेचे आहे. घ्यायला सांगणारे शंभर भेटतात, पण विकायला सांगणारा त्या दिवशी नेमका फोन उचलत नाही.

दुसरी पायरी: बोलणारा कोण आहे

भारतात शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी 'सेबी'च्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेच्या, 2013 च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागार म्हणून, आणि विशिष्ट शेअर घ्या किंवा विका असे सांगण्यासाठी 2014 च्या नियमांनुसार संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करावी लागते. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी आणि विश्लेषकाचा 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक व्हिडिओखाली दिसला म्हणून समाधान मानू नये. तो उतरवून घ्यावा, सेबीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत त्या क्रमांकापुढे कोणाचे नाव आहे ते पाहावे. दुसऱ्याचाच क्रमांक लावून फिरणारे लोक आहेत, आणि त्यांनीच पाठवलेल्या लिंकवरून तपासणी करणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय.

इथे दोन घोळ नेहमी होतात. म्युच्युअल फंड वितरकाकडे 'एआरएन' क्रमांक असतो. तो फंड विकण्याचा परवाना आहे, त्यामुळे कोणी गुंतवणूक सल्लागार ठरत नाही. तसेच 'एनआयएसएम' या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणजे सेबीची नोंदणी झाली असे नाही.

"आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो," ही पळवाट बराच काळ वापरली गेली. जानेवारी 2025 मधील सेबीच्या परिपत्रकाने तिला आळा घातला. केवळ शिक्षण देणाऱ्याने एखाद्या शेअरविषयी बोलताना मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून शिफारस सुचवू नये, असे त्यात सांगितले आहे. त्यामुळे स्वतःला शिक्षक म्हणवणारा माणूस आजचा चालू चार्ट लावून "इथून तेजी दिसते" असे म्हणत असेल, तर तो शिक्षकाच्या भूमिकेतून बाहेर पडलेला आहे, एवढे आपल्याला कळायला हवे.

नोंदणी असणे म्हणजे सल्ला बरोबर असणे नव्हे. नोंदणीचा अर्थ इतकाच की, फसवणूक झाली तर तक्रार करायला एक पत्ता आहे.

तिसरी पायरी: त्याच्या घरची चूल कशावर पेटते

मार्गदर्शकाच्या उत्पन्नाचे मार्ग साधारणपणे पाच असतात: व्हिडिओवरील जाहिराती, कंपनीने किंवा ॲपने दिलेले प्रायोजकत्व, त्याच्या लिंकवरून ब्रोकरकडे खाते उघडल्यास मिळणारे कमिशन, शिकवणीचे किंवा सशुल्क ग्रुपचे शुल्क, आणि ज्या शेअरविषयी तो बोलतो त्यातील त्याची स्वतःची गुंतवणूक. यांपैकी कोणताही मार्ग मुळातच वाईट नाही. परंतु प्रत्येक मार्ग त्याला एका विशिष्ट दिशेने ओढतो आणि ती दिशा कोणती हे आपण वहीत लिहायला हवे. ब्रोकरच्या लिंकवर जगणाऱ्याला आपण वारंवार खरेदी-विक्री केलेली हवी असते, शिकवणी चालवणाऱ्याला शिकलेल्यांपेक्षा शिकायला येणारे अधिक हवे असतात, आणि ज्याच्याकडे शेअर आधीपासून आहेत त्याला आपण घेणारे म्हणून हवे असतो.

शेवटच्या प्रकाराचे उदाहरण सेबीच्या दप्तरी आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीविषयी जुलै 2022 मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले आणि एक मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार, असे दावे त्यांत करण्यात आले. सेबीने 2 मार्च 2023 रोजी दिलेल्या अंतरिम आदेशात त्या व्हिडिओंतील मजकूर खोटा ठरवला. भाव आणि उलाढाल वाढत असताना प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांपैकी, काहींनी आणि इतर संबंधितांनी आपले शेअर विकले होते, असे त्या आदेशात नोंदवले आहे. बाजारात याला 'पंप अँड डंप' म्हणतात. आधी स्वस्तात माल जमवायचा, मग ढोल वाजवायचे आणि गर्दी जमली की गर्दीलाच माल विकून बाहेर पडायचे.

शिकवणीच्या बाबतीत ऑक्टोबर 2023 चा 'बाप ऑफ चार्ट' या नावाच्या चॅनेलविषयीचा अंतरिम आदेश वाचण्यासारखा आहे. शिकवणीच्या नावाखाली सल्ला देऊन जमवलेले सुमारे 17 कोटी रुपये सेबीने त्यात रोखून धरले. पण माझ्या मते त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. जो माणूस इतरांना नफ्याची खात्री देत होता, त्याला स्वतःला जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात ट्रेडिंगमध्ये सुमारे 3 कोटींचा तोटा झाल्याचे त्याच आदेशात नमूद होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याच्या खात्यात डोकावण्याची सोय विद्यार्थ्यांकडे नव्हती, सेबीकडे होती.

याला जोड म्हणून सप्टेंबर 2024 मधील सेबीचा अभ्यास लक्षात ठेवावा. आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेल्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा सरासरी तोटा खर्चासह सुमारे 2 लाख रुपये होता. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा कमावणारे केवळ 1 टक्का होते. "माझे नव्वद टक्के विद्यार्थी नफ्यात आहेत," असे सांगणाऱ्याला हे आकडे दाखवून नम्रपणे पुरावा मागावा.

प्रायोजकत्वाविषयी थोडक्यात एवढेच की, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी 2023 ची मार्गदर्शक सूचना आणि 'ॲस्की' या जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेचे नियम, या दोन्हींनुसार पैसे किंवा भेट घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करणे बंधनकारक आहे. 'जाहिरात', 'प्रायोजित' अशा शब्दांसाठी व्हिडिओचा कोपरा आणि खालचा मजकूर पूर्ण उघडून पाहावा. ते शब्द बहुतेकदा 'अधिक वाचा' याच्या पलीकडे लपलेले असतात.

चौथी पायरी: 'मी आधीच सांगितले होते' या वाक्याची परीक्षा

समजा, एका माणसाने 1,600 जणांना संदेश पाठवला. निम्म्यांना त्याने सांगितले की या आठवड्यात बाजार चढेल आणि निम्म्यांना सांगितले की उतरेल. आठवड्याअखेर 800 जणांसाठी तो खरा ठरतो. पुढच्या आठवड्यात त्या 800 जणांचे पुन्हा दोन भाग, मग 400, मग 200, मग 100, मग 50. पाच आठवड्यांनी त्या पन्नास जणांच्या लेखी हा माणूस एकदाही न चुकलेला द्रष्टा असतो, आणि त्या पन्नासांना तो वार्षिक शुल्काची पावती पाठवतो. त्याला बाजाराचे काडीचेही ज्ञान लागत नाही. लागते ती फक्त बाकीच्या 1,550 जणांशी पुन्हा न बोलण्याची सोय, आणि ती टेलिग्रामच्या वेगवेगळ्या ग्रुपांमुळे सहज होते.

प्रत्येक जण असे मुद्दाम करतो असे मी म्हणत नाही. हजारो लोक रोज अंदाज वर्तवत असतील तर त्यांतील काही जण निव्वळ योगायोगाने लागोपाठ खरे ठरणारच, आणि यूट्यूब आपल्यापुढे नेमके त्यांनाच आणून ठेवते. न जुळलेले अंदाज खोडले जातात, जुळलेल्यांच्या क्लिपा पुन्हा फिरतात. म्हणून नफ्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. तो एका दिवसाचा, एका खात्याचा किंवा सरळ बनवलेला असू शकतो.

खरी परीक्षा कंटाळवाणी आहे. मार्गदर्शक ज्या दिवशी नाव घेईल त्या दिवशी तारीख, भाव आणि त्याने सांगितलेली मुदत आपण वहीत लिहावी, एक पैसाही गुंतवू नये आणि सहा महिने हेच करावे. शेवटी सगळ्या शिफारशींची सरासरी काढून त्याच तारखांना निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातील पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) पैसे ठेवले असते तर काय झाले असते, त्याच्याशी तुलना करावी. मी हे दोन जणांच्या बाबतीत केले. एक इंडेक्सच्या मागे राहिला. दुसरा थोडा पुढे होता, पण त्याच्या वीस शिफारशींपैकी एक वगळली तर तोही मागेच पडत होता.

पाचवी पायरी: मूळ कागदापर्यंत जावे

आता भाच्याच्या शेअरकडे परत येतो. चारही व्हिडिओंच्या शीर्षकांत 'मोठी ऑर्डर मिळाली' असे शब्द होते. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स' या भागात आम्ही ते निवेदन उघडले. दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते की हा बंधनकारक नसलेला सामंजस्य करार आहे. त्यात रक्कम नव्हती, मुदत नव्हती आणि पुढील निश्चित करार दोन्ही बाजूंच्या संमतीने होईल अशी तळटीप होती. सामंजस्य करार आणि ऑर्डर यांत बोलणी आणि लग्न यांच्याइतके अंतर असते. पान वाचायला चार मिनिटे लागली, चार व्हिडिओ पाहायला त्याने जवळजवळ एक तास दिला होता.

त्याच संकेतस्थळावर भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला येतो. आम्ही मागच्या तीन तिमाह्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. प्रवर्तकांचा हिस्सा घटत गेला होता आणि छोट्या भागधारकांची संख्या कित्येक पटींनी वाढली होती. म्हणजे जाणारे आतले होते आणि येणारे माझ्या भाच्यासारखे. हा तक्ता वाचायला कोणतीही पदवी लागत नाही. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवले आहेत, तो रकानाही तिथेच असतो.

वार्षिक अहवाल उघडला तर पहिली वीस-पंचवीस पाने, जिथे छायाचित्रे आणि अध्यक्षांचे मनोगत असते, ती सरळ ओलांडावीत. नवख्याने तीन ठिकाणे पाहावीत. नफा-तोटा पत्रकातील नफा आणि रोख प्रवाह पत्रकातील व्यवसायातून आलेली रोकड यांची तुलना करावी. वर्षानुवर्षे नफा दिसतो पण रोकड येत नाही, असे असेल तर उधारी कुठे अडकली ते विचारावे. लेखापरीक्षकांच्या अहवालात काही शेरा आहे का आणि लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला आहे का, ते पाहावे. आणि संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेत प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना कर्जे दिली आहेत का, ते तपासावे.

एकमत जुळते असे वाटले की प्रत्येक मतापुढे त्याचा उगम लिहावा. उगम एकच असेल तर मते कितीही असोत, ते एकच मत म्हणून मोजावे.

सहावी पायरी: उलट बाजू आणि थांबणे

एका शेअरचे दोन व्हिडिओ पाहिले की तिसऱ्या दिवशी आपला मोबाइल त्याच शेअरच्या कौतुकाने भरून जातो. सगळे जग त्याविषयीच बोलते आहे असे वाटू लागते, पण ते जग आपल्याच दोन क्लिकनी उभे केलेले असते. यूट्यूबची वॉच हिस्टरी थांबवता येते, ती संशोधनाच्या काळात थांबवावी. नंतर वहीच्या उजव्या पानावर, हा शेअर विकणारा माणूस शहाणा आहे असे गृहीत धरून, त्याची बाजू पाच ओळींत मांडावी. ती मांडता येत नसेल तर अजून आपल्याला विषय कळलेला नाही.

"आज शेवटचा दिवस", "उद्या सर्किट लागेल, मग मिळणार नाही" अशी भाषा आली की मी सात दिवस थांबतो. चांगली कंपनी सात दिवसांत संपत नाही. ज्या शेअरला रोज वरचे सर्किट लागते त्यात कमी उलाढालीचा धोकाही असतो, कारण चढताना ज्या दारातून विकणारा आत येत नाही, उतरताना त्याच दारातून घेणाराही येत नाही. भाच्याचे अकरा दिवस याच दारात गेले.

सगळ्यांनीच हे सर्व करावे असा माझा आग्रह नाही. ज्याला वेळ किंवा आवड नाही त्याने इंडेक्स फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणे किंवा ठरलेले शुल्क घेणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराकडे जाणे, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच आहे. कोणावर आणि का विसंबायचे हे आपण निकष लावून ठरवले, एवढे पुरे.

फसगत झालीच तर

ग्रुपमधून बाहेर पडण्यापूर्वी सर्व संदेशांचे, क्रमांकांचे आणि पैसे पाठवल्याच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण असे ग्रुप रातोरात नाहीसे होतात. बनावट ॲपवर किंवा अनोळखी खात्यावर पैसे पाठवले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. नोंदणीकृत ब्रोकर किंवा सल्लागाराविषयीची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' या पोर्टलवर नोंदवता येते आणि माहितीसाठी 1800 22 7575 हा निःशुल्क क्रमांक आहे. "गेलेले पैसे काढून देतो" असे म्हणत येणारा दुसरा माणूस बहुधा पहिल्याचाच भाऊबंद असतो.

सातवी पायरी: वर्षातून एकदा वही उघडावी

दर वर्षी मार्चअखेर मी जुनी पाने वाचतो. प्रत्येक पानावर 'कोणाचे ऐकले' असा एक रकाना आहे, आणि त्यापुढे काय विचार केला व काय झाले हे दोन वेगळे रकाने आहेत, कारण आळशीपणाने घेतलेला शेअरही कधी कधी दुप्पट होतो आणि मग तो आळस अंगवळणी पडतो. यंदा भाचा त्याची वही घेऊन माझ्याकडे राहायला आला होता. त्याने माझीही चाळली आणि 2019 च्या एका पानावर बोट ठेवले. पाचही प्रश्नांची उत्तरे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती, उजव्या पानावर विकणाऱ्याची बाजूही मांडलेली होती आणि 'कोणाचे ऐकले' यापुढे फक्त एक आडवी रेघ होती. तो शेअर मी पुढच्या वर्षी 31 टक्के तोट्यात विकला.